घरी बांधलेलं विमान

(दहावीच्या १९९७ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात २२ डिसेंबर २०२४ रोजी केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषयही सांगून टाकला. "तू विमान बनवलंस म्हणे. त्यावर वीस मिनिटं बोल. सॉफ्टवेअरवर बोलू नकोस, आमच्या प्रत्येकाच्या घरात दोन-दोन सॉफ्टवेअरवाले आहेत." तेव्हा सॉफ्टवेअर बाजूला ठेवते. आधी एक खुलासा करते. विमान मी एकटीने बनवलेलं नाही. आम्ही चौघांनी मिळून बनवलं, सहा वर्षं लागली, आणि त्या चौघांत सगळ्यात कमी येणारी मीच होते. आणि 'बनवलं' यापेक्षा 'बांधलं' हा शब्द मला बरा वाटतो. घर बांधतात तसं ते एकेक वीट ठेवत उभं राहतं.

बारामतीत विमानाचं कौतुक राहिलेलं नाही. वैमानिकांच्या प्रशिक्षण संस्थांची छोटी विमानं दिवसभर डोक्यावरून घिरट्या घालतात, आणि उसात पाणी धरणारा माणूस मान वर करून बघतही नाही. पण ती कारखान्यात तयार झालेली विमानं. माणूस स्वतःच्या गॅरेजात, शेडमध्ये, सुट्टीच्या दिवशी विमान बांधतो आणि त्यात बसून उडतो, हा प्रकार आपल्याकडे फारसा ठाऊक नाही. अमेरिकेत तो सत्तर वर्षं चालू आहे. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी या माणसाने विस्कॉन्सिन राज्यात घरी विमान बांधणाऱ्यांची एक संघटना काढली. आज दर जुलैच्या अखेरीस ऑशकॉश नावाच्या गावी त्यांची जत्रा भरते. जत्राच म्हणायची, कारण आठवडाभर लोक तंबू ठोकून राहतात आणि दहा हजारांवर विमानं तिथे येतात. मी दोनदा गेले. पालखीच्या मुक्कामाची आठवण यावी अशी गर्दी आणि तशीच शिस्त.

तिथला कायदा साधा आहे. विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं असेल, तर ते 'प्रायोगिक' या वर्गात नोंदवता येतं. बोलताना सगळे त्याला एक्कावन्न टक्क्यांचा नियम म्हणतात. आत बसणाऱ्याला दिसेल अशी पाटी लावावी लागते, की हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांचे सुरक्षेचे नियम ते पाळत नाही. म्हणजे पाहुण्याला आत बसवण्याआधी आपणच सांगायचं, 'बाबा रे, हे घरचं आहे.'

मी सिअ‍ॅटलजवळ नोकरीला होते. २०१३ साली ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने विचारलं, चौथा भागीदार हवाय, येतेस का? चौथा हिस्सा म्हणजे मध्यम मोटारीच्या किमतीएवढा. मी हो म्हटलं. विमानाचं नाव आरव्ही-९ए. दोन माणसं शेजारी-शेजारी बसतात, अंग सगळं अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं, पुढे एक इंजिन. रिकामं असताना वजन पावणेपाचशे किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या मारुती ८०० पेक्षा हलकं. किट लाकडी खोक्यांतून येतं. आधी शेपूट, मग पंख, मग धड, आणि शेवटी इंजिन. ही क्रमवारी मुद्दाम ठेवलेली आहे. शेपूट लहान असतं, त्यावर हात बसतो. ते जमलं नाही तर थोड्या पैशांत सुटका होते.

आता काम काय असतं ते सांगते, कारण इथे पत्र्याचं काम जाणणारे बरेच जण बसलेत. दोन पत्रे जोडायचे तर आधी छिद्रं जुळवायची. छिद्रांत क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या खुंट्या तात्पुरत्या बसवायच्या. मग प्रत्येक छिद्र नेमक्या मापाचं करायचं, पुन्हा सगळं सुटं करायचं, आणि प्रत्येक छिद्राच्या दोन्ही बाजूंची खरखर हाताने काढायची. ही खरखर काढण्याचं काम जगातलं सगळ्यात कंटाळवाणं काम आहे. ट्रॉलीच्या पत्र्याला कोण काढतं? पण विमानाचा पत्रा उडताना सतत थरथरतो, आणि तडा जायला सुरुवात होते ती अशाच खरखरीत कडेपासून. म्हणून काढायची. त्यानंतर पुन्हा जोडायचं आणि रिव्हेट मारायचे. रिव्हेटला दोन माणसं लागतात. एक बाहेरून हवेच्या बंदुकीने ठोकतो, दुसरा आतून लोखंडाचा जड ठोकळा दाबून धरतो. मधला पत्रा दोघांना एकमेकांपासून झाकतो, त्यामुळे आवाजावरच काम चालतं. माझे हात लहान, म्हणून आतला ठोकळा कायम माझ्याकडे. असे दहा हजारांहून जास्त रिव्हेट.

माझी आई फोनवर विचारायची, "किती झालं?" मी सांगायची, "डावा पंख." पुढच्या वर्षी ती विचारायची, "किती झालं?" मी सांगायची, "उजवा पंख." मग तिने विचारणं सोडून दिलं.

शिवणाच्या बाई समोर बसल्यात, म्हणून एक गोष्ट मधेच सांगते. आमच्या शेजारच्या शेडमध्ये एक आजोबा पीटनपोल एअर कँपर नावाचं लाकडी विमान बांधत होते. त्याचा आराखडा १९२९ सालचा. बर्नार्ड पीटनपोल हा मिनेसोटातला स्वतःच शिकलेला कारागीर. त्याने फोर्ड मोटारीचं इंजिन बसवून ते विमान उडवलं, आणि त्याच्या आराखड्यावरून लोक अजून विमानं बांधतात. त्याच्या पंखांना कापड लावतात आणि ते आतल्या लाकडी फासळ्यांना दोऱ्याने शिवतात. ठरावीक अंतरावर टाका, प्रत्येक टाक्याला गाठ. आजोबांना मदतीला कोणी मिळेना. बाई, तुमच्या तासाला आम्ही नाक मुरडत शिकलो, पण त्या विमानाच्या एका पंखावरचे टाके तुमच्या शाळेतले आहेत.

आता मला जे खरं सांगायचं आहे त्याकडे येते. घरी विमान बांधणाऱ्यांकडे बघून लोकांना वाटतं, ही एकटी, हट्टी, कोणाचं न ऐकणारी माणसं असणार. हट्टी असतात, पण एकटी नसतात. त्या संघटनेने तांत्रिक सल्लागारांची एक पद्धत घालून दिली आहे. आधी विमानं बांधलेली किंवा दुरुस्त केलेली जाणती माणसं बोलावलं की घरी येतात, एक पैसा घेत नाहीत, आणि तुमचं काम तपासतात. पंखाचा शेवटचा पत्रा लावून तो बंद करण्याआधी त्यांना बोलवायचं, कारण नंतर आतलं काही दिसत नाही. आमच्याकडे येणारे सत्तरीचे निवृत्त मेकॅनिक होते. हातात बॅटरी आणि छोटा आरसा. चहा घेतील तर काम बघून झाल्यावर.

शेपटाचं किट आम्ही दुसऱ्या एकाकडून अर्धवट बांधलेलं विकत घेतलं होतं. काम दिसायला सुरेख होतं. आजोबांनी आरसा आत घातला, पट्टी लावली आणि म्हणाले, "हा भाग काढून टाका." आधीच्या माणसाने पाडलेली तीन छिद्रं पत्र्याच्या कडेच्या फार जवळ होती. नियम असा, की छिद्राच्या मध्यापासून कडेपर्यंत निदान छिद्राच्या व्यासाच्या दुप्पट अंतर पाहिजे. त्याहून कमी असलं तर ताण आल्यावर कडच फाटते. बाहेरून हे कोणालाही दिसलं नसतं. नवा भाग मागवायला आणि बसवायला महिना गेला. भागीदारांपैकी एक जण वैतागला. आजोबा त्याला शांतपणे म्हणाले, "मी चुकलो असेन तर तुझा एक महिना जाईल. मी बरोबर असेन आणि तू ऐकलं नाहीस तर?" पुढचं वाक्य ते बोललेच नाहीत.

आमच्या कामात, सॉफ्टवेअरमध्येही, तुमचं काम दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जात नाही. (बघा, आलंच सॉफ्टवेअर. माफ करा.) पण तिथे बिघडलं तर आदल्या दिवसाची प्रत परत लावता येते. हवेत आदला दिवस नसतो.

विमान पूर्ण झालं की सरकारी तपासनीस येतो, कागद आणि विमान दोन्ही बघतो. तीन चाकांखाली तीन काटे ठेवून वजन करतात आणि तोल नेमका कुठे आहे ते काढतात. मग ठरावीक तास, आमच्यासाठी चाळीस, ठरवून दिलेल्या भागातच उडायचं, आणि पाहुणा बसवायचा नाही. हे चाळीस तास म्हणजे मजा नव्हे. दर फेरीला एकच गोष्ट मोजायची. वेग किती कमी केला की विमान धरेनासं होतं? चढताना इंजिन किती तापतं? तासाला इंधन किती लागतं? सगळं वहीत लिहायचं. पहिलं उड्डाण चौघांतल्या सगळ्यात अनुभवी वैमानिकाने केलं. त्या वेळी मी धावपट्टीच्या कडेला अग्निशामक घेऊन उभी होते. माझी पाळी २०१९ च्या उन्हाळ्यात आली. उडताना काय वाटतं असं सगळे विचारतात. मला तरी आभाळ आधी दिसलंच नाही. मी डाव्या पंखाकडे बघत होते. रिव्हेटची एकेक ओळ ओळखीची होती. ही पावसातल्या रविवारची, ही माझं बोट चेमटलं त्या संध्याकाळची. डोंगर नंतर दिसले.

ही सगळी तपासणी नसली तर काय होतं, याची एक गोष्ट सांगते. जॉन डेन्व्हर हा अमेरिकेचा फार लोकप्रिय गायक. तो स्वतः अनुभवी वैमानिक होता. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी, म्हणजे आपण दहावी झालो त्याच वर्षी, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर त्याचं विमान समुद्रात कोसळून तो गेला. विमान घरी बांधलेलं होतं, लाँग-ईझी जातीचं. त्याने ते बांधलं नव्हतं, नुकतंच विकत घेतलं होतं. या जातीचा आराखडा बर्ट रुटान या नामवंत माणसाचा. त्यात एका टाकीतून दुसऱ्या टाकीवर इंधन वळवण्याचा कॉक वैमानिकाच्या पुढे, पायांच्या मध्ये दाखवलेला आहे. बांधणाऱ्याने इंधनाची नळी आत येऊ नये या हेतूने तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला. हेतू चांगलाच होता. पण कॉक फिरवायचा तर मागे वळावं लागे, आणि वळताना पाय पेडलवर दाबला जाई. कॉकवर खुणा नव्हत्या आणि इंधन दाखवणाऱ्या काचेवरही नव्हत्या. या विमानाची त्याला पुरेशी सवयही झालेली नव्हती. चौकशीत ही सगळी कारणं नोंदवली गेली. एका कॉकची जागा बदलली, एवढंच. घरी बांधणाऱ्याला प्रत्येक बदल छोटाच वाटतो. म्हणून तो दुसऱ्याला दाखवायचा.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेचं झालं. तर आपल्या भागात येऊ.

माझं गाव वालचंदनगरच्या पलीकडे. तिथून मी एस.टी.ने शाळेला यायची, हे बऱ्याच जणांना आठवत असेल, कारण पहिल्या तासाला मी कायम उशिरा. त्या वालचंदनगरचा आणि भारतातल्या विमानांचा संबंध शाळेत मला ठाऊक नव्हता. ज्या वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना आणि गाव वसवलं, त्यांनीच डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाला बरोबर घेऊन बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. अमेरिकेहून परतीच्या प्रवासात त्यांना विल्यम पॉली नावाचे विमान-व्यावसायिक भेटले होते, तिथून ही कल्पना निघाली. १९४१ मध्ये तिथे जुळवलेलं हार्लो जातीचं शिकाऊ विमान उडालं. पुढच्याच वर्षी सरकारने युद्धामुळे कारखाना ताब्यात घेतला. आजची एच.ए.एल. ती हीच. आणि आज वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटचे भाग तयार होतात. म्हणजे इंदापूरच्या मातीला पत्रा आणि वेल्डिंग नवं नाही. हाताची कमी आपल्याकडे कधीच नव्हती.

मुंबईतल्या कॅप्टन अमोल यादव यांचं नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. तेव्हा ते जेट एअरवेजचे वैमानिक होते. कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. आधीचे दोन प्रयत्न झाल्यावरचा हा तिसरा. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते क्रेनने गच्चीवरून खाली उतरवून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं, तेव्हा देशाला कळलं. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. उडवून बघण्याचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये. आणि धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी-उड्डाण झालं ऑगस्ट २०२० मध्ये. तारखा मुद्दाम सांगितल्या. बांधण्याची वर्षं वेगळी, ही नुसती लोकांपुढे आल्यापासून हवेत जाईपर्यंतची साडेचार वर्षं. इतका वेळ लागायला नको होता हे खरं आहे. एकट्याने विमान बांधणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे मळलेली वाट नव्हती. पण यादव स्वतः व्यावसायिक वैमानिक. ते थांबले, कागद केले, परवाना हातात आल्यावरच उडाले. तपासणी म्हणजे काय हे त्यांना व्यवसायाने शिकवलं होतं.

आता दुसरी गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यात, फुलसावंगी नावाचं गाव आहे. तिथला चोवीस वर्षांचा तरुण. शिक्षण आठवीपर्यंत, काम वेल्डिंग-फॅब्रिकेशनचं. त्याने दोन वर्षं खपून एका माणसाचं हेलिकॉप्टर बांधलं. मारुती ८०० चं इंजिन वापरलं. १५ ऑगस्टला ते गावाला दाखवायचं असं त्याच्या मनात होतं. १० ऑगस्ट २०२१ च्या रात्री तो जमिनीवरच, आत बसून, पंखा फिरवून बघत होता. शेपटाकडचं पातं तुटलं, ते मुख्य पंख्यावर आदळलं, आणि मुख्य पंख्याचं पातं त्याच्या डोक्याला लागलं. तो गेला. नाव तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. मी इथे घेत नाही, त्याच्या घरच्यांचं दुःख आपण चघळू नये.

त्या आठवड्यात मोबाईलवर खूप काही फिरलं. काहींनी त्याला हिरो केलं, काहींनी अडाणी म्हटलं. मला दोन्ही पटलं नाही. मोटारीचं इंजिन लावलं म्हणून कोणी हसू नये. पीटनपोलनेही तेच केलं होतं, आणि तोही कुठल्या कॉलेजात गेला नव्हता. दोघांच्या बुद्धीत मला फरक दिसत नाही. फरक आहे तो त्याच्या शेडमध्ये न आलेल्या आजोबांचा. बॅटरी आणि आरसा घेऊन एक जाणता माणूस त्या शेडमध्ये गेला असता, तर त्याने पात्यांचं सामान आणि जोड विचारले असते. आणि पुढचा प्रश्न तर आपल्यातल्या कोणत्याही मोटार-वाइंडिंगवाल्याने विचारला असता: "पहिल्यांदा फिरवताना तू आत कशाला बसतोस? जमिनीला बांध, लांबून चालू कर, आणि मधे भिंत ठेव." हे सांगायला पदवी लागत नाही. फक्त तिथे असावं लागतं. विमान बांधणाऱ्याला लपूनछपून, रात्री, एकट्याने काम करावं लागतं, कारण दाखवायला गेलं तर लोक एकतर हसतात किंवा व्हिडिओ काढतात. तपासत कोणीच नाही.

बाहेर चहाच्या वेळी एकाने मला विचारलं, "पण पहिलं विमान तर आपल्या तळपद्यांनी उडवलं ना, १८९५ ला चौपाटीवर?" मला आवडलं असतं. पण शिवकर बापूजी तळपदे यांच्या उड्डाणाचा भरवशाचा समकालीन पुरावा हाती नाही. आणि ज्या 'वैमानिक शास्त्रा'शी ही गोष्ट जोडतात, त्यातली विमानं उडू शकत नाहीत असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली गणितं मांडून दाखवलं. परवाच्या मंगळवारी १७ डिसेंबर होती. १९०३ साली त्याच तारखेला राइट बंधू उडाले, बारा सेकंद, सदतीस मीटर. इथल्या एखाद्या वाफ्याएवढं अंतर. पण पाच साक्षीदार होते, फोटो होता, आणि वह्या होत्या. सायकलीच्या दुकानात पंखांचे नमुने वाऱ्याच्या बोगद्यात टांगून घेतलेली मोजमापं होती. म्हणून ते आजही कोणालाही तपासता येतं. तळपद्यांनी खरोखर काही केलं असेल, तर वही आणि साक्षीदार न राहिल्याने ते आपण कायमचं गमावलं. दोन्ही बाजूंनी नुकसान आपलंच.

आता शेवटचं, आणि थोडं अडचणीचं. आज जेवणानंतर आपण तुकडीचा निधी कशावर खर्च करायचा ते ठरवणार आहोत. शाळेच्या प्रवेशद्वारावर आपल्या तुकडीच्या नावाची कमान, असा प्रस्ताव आहे. ज्यांनी मांडला त्यांची शाळेवरची माया मला माहीत आहे, आणि कमानीशी माझं वैर नाही. तरी मतदानाआधी माझा प्रस्ताव ऐका.

हस्तकलेची जुनी खोली सध्या मोडक्या बाकांनी भरलेली आहे. ती रिकामी करू. दोन भक्कम टेबलं, व्हाइस, कानशी, हातकरवती, जाळी लावलेलं एक ड्रिल मशीन, डोळ्यांना चष्मे, अग्निशामक, आणि एक चांगला वजनकाटा. आठवीपासूनची मुलं आणि मुली, दोघांनाही सगळी हत्यारं. आणि दाराशी एक जाड वही. तिच्यात नियम एकच: जे बनवाल ते चालू करण्याआधी दुसऱ्या कोणीतरी तपासून सही करायची. सही करणाऱ्याने 'छान आहे' असं लिहायचं नाही. काय काय बघितलं ते लिहायचं.

इंजिनाचं काही नाही. सुरुवात थर्माकोलच्या हातफेकी विमानाने. नाकाला मेणाचा गोळा लावा. कमी लावलात तर ते वर उठून मागे पडतं, जास्त लावलात तर नाकावर आपटतं, आणि मधे कुठेतरी ते अख्खं मैदान पार करतं. तोल म्हणजे काय हे त्या एका गोळ्यात कळतं. आम्ही तीन काट्यांवर जे मोजलं तेच हे. पोरांनी मोजावं, वहीत लिहावं, पुन्हा फेकावं. ड्रोन आणि मोटारीची विमानं नकोत, शेजारी विमानतळ आहे आणि तिथे शिकणारी मुलं आभाळात असतात. जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात बारामतीहून उडालेलं शिकाऊ विमान कोसळलं, तेव्हा आत एकटी तरुण मुलगी होती. जखमी झाली, पण वाचली, आणि मदतीला आधी धावले ते गावकरीच. त्या आभाळात आपल्याकडून एक पतंगसुद्धा चुकीच्या जागी जायला नको.

तपासायला कोण येणार? आपणच. आपल्यातल्या एकाची एमआयडीसीत फॅब्रिकेशनची शेड आहे. एक जण वीज मंडळात वायरमन आहे, चाचणी-दिवा न लावता तो स्वतःच्या घरचं बटणही उघडत नाही. एक मैत्रीण परिचारिका आहे, प्रथमोपचार ती शिकवेल. विज्ञानाचे सर निवृत्त झालेत, पण प्रयोगवहीत 'निरीक्षण' आधी आणि 'अनुमान' नंतर, हे आम्हाला त्यांनीच लावलं, आणि त्यांच्याइतकी कडक सही कोणाची नसेल. मी दोन वर्षांपूर्वी पुण्याला परत आले. विमानातला माझा हिस्सा येताना विकला, तो तिथेच उडतोय. महिन्यातले दोन रविवार मी येईन. हे बोलून गेले असं नको, म्हणून संयोजकांकडे कागदावर लिहून दिलंय, सहीसकट.

ती मुलं पुढे विमान बांधतील का? बहुतेक नाही. कोणी ट्रॅक्टरची ट्रॉली बांधेल, कोणी ठिबकचा पंप जोडेल, कोणी माझ्यासारखं संगणकासमोर बसेल. पण या तालुक्यात एखादा पोरगा किंवा पोरगी रात्री शेडमध्ये काही भन्नाट बांधायला लागली, तर चालू करण्याआधी 'हे जरा बघता का?' म्हणून दार ठोठावायला एक ठिकाण असेल. कमान तेवढी उंच होणार नाही, हे मी मान्य करते.

निर्णय तुमचा. कमानीला जास्त मतं पडली तर तिची वर्गणीही मी देईन, पण वेल्डिंग कोणी तपासलं ते मात्र विचारीन.